कशाला हवाय? खेळायला!

मराठी मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटर कधीच गेम खेळायला येत नाही. तो येतो 'अभ्यासाला'. मग 'प्रोजेक्टला'. मग 'ऑफिसच्या कामाला'. त्यावर 'व्हाइस सिटी' आणि 'मोस्ट वाँटेड' खेळत आमची अख्खी पिढी वाढली, ती गोष्ट वेगळी! रेकॉर्डवर तो अभ्यासाचाच. आमच्या डोंबिवलीच्या घरातही असाच एक अभ्यासू कॉम्प्युटर होता. आईनं शिवलेलं कव्हर, मॉनिटरवर गणपतीचा स्टिकर आणि रोज फक्त एक तास. दादाला काउंटर स्ट्राइक खेळायचं असलं की तो नाक्यावरच्या सायबर कॅफेत जायचा. मला तिथं सोडायचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळे २०२५च्या सप्टेंबरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, स्वतःच्या पैशांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि बाबांनी विचारलं, "कशाला गं?", तेव्हा 'कामाला' हे उत्तर अगदी जिभेवर होतं. फ्रीलान्स जर्नलिस्ट आहे, सहज खपलं असतं. पण काम माझ्या जुन्या लॅपटॉपवर मस्त होतं. लेख लिहायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही! म्हणून म्हटलं, "खेळायला."

घरात पिनड्रॉप सायलेन्स. मग बाबा म्हणाले, "पगार नाही, पीएफ नाही, पेमेंट येतं दीड-दोन महिन्यांनी. आणि सत्तर हजारांचा खेळ?"

बाबांचा मुद्दा चुकीचा नव्हता. सहा महिन्यांचा खर्च मी बाजूला ठेवला होता आणि हे सत्तर हजार त्याच्या वरचे होते, हे मी त्यांना पासबुक उघडून दाखवलं. तरी त्यांच्याकडे हुकमाचा एक्का होताच. "पण ऑगस्टमध्येच सरकारनं गेमिंगवर बंदी आणली ना?" मग त्यांना समजावलं, की २०२५च्या त्या कायद्यानं बंदी आणली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर. ई-स्पोर्ट्सना तर त्याच कायद्यानं मान्यता दिली. बाबांनी 'हं' केलं. त्यांच्या 'हं'मध्ये होकार नसतो, पण फाइल बंदही झालेली नसते.

आता मुद्द्याचं. 'खेळायला' हे खरं उत्तर देणं फक्त मनाच्या समाधानासाठी नसतं, त्यात रोख पैसे वाचतात. सत्तर हजारांत 'कामाचा' कॉम्प्युटर मागा, दुकानदार तुम्हाला आय७ प्रोसेसर, ३२ जीबी रॅम देईल आणि ग्राफिक्स कार्ड? शून्य! एक्सेल रॉकेटसारखं उघडेल आणि गेम बैलगाडीसारखा चालेल. गेममध्ये पडद्यावरचं चित्र रंगवायचं काम प्रामुख्यानं ग्राफिक्स कार्ड करतं. म्हणून सगळ्यात मोठा हिस्सा त्याचा. माझ्या बजेटमधले जवळजवळ तीस टक्के एकट्या कार्डावर गेले. बजेट मोठं असलं तर माणूस दोन्ही घेतो आणि मोकळा होतो. आपल्यासारख्यांना मात्र आधी खरं बोलावं लागतं. दुकानदाराशी नंतर, स्वतःशी आधी.

खरं बोलायचं म्हणजे काय? तर एका कागदावर तीन ओळी लिहायच्या. कुठले गेम, कोणाबरोबर आणि कुठल्या स्क्रीनवर.

माझी पहिली ओळ होती 'व्हॅलोरंट'. जून २०२०मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये हा गेम आला. फुकट होता. मास कॉमच्या आमच्या पाच जणांच्या गँगनं तो टाइमपास म्हणून सुरू केला आणि लॉकडाऊन गेला तरी शुक्रवारची रात्र तशीच राहिली. आज एक पुण्यात, एक नागपुरात, दोघं बेंगळुरूत आणि मी डोंबिवलीत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आम्ही फक्त बर्थडे विश करतो. खरं बोलणं होतं ते गेममध्ये. कोणाचा जॉब गेला, कोणाचं लग्न मोडलं, सगळं दोन राउंडच्या मध्ये! आणि माझा लॅपटॉप तिथं धापा टाकायचा. पाचवी प्लेयर म्हणजे मी, ऐन गोळीबारात फोटोसारखी स्तब्ध. बाबांना सत्तर हजार दिसत होते. मला शुक्रवार दिसत होता.

दुसरी ओळ 'सिटीज स्कायलाइन्स'. शहर वसवायचा गेम, २०१५चा. तिसरी ओळ 'द विचर ३', तोही २०१५चा. आणि 'राजी', पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला, २०२०चा. लिस्ट नीट बघा. एकही गेम कालपरवाचा नाही. हा कमी बजेटवाल्यांचा सगळ्यात भारी फंडा आहे. चार-पाच वर्षं मागं राहून खेळा! गेम सेलमध्ये स्वस्त मिळतात, त्यातल्या चुका तोपर्यंत दुरुस्त झालेल्या असतात आणि त्यांना लागणारं कार्डही आवाक्यात असतं.

आता स्क्रीन. १०८०पी, म्हणजे फुल एचडीच्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात. फोर-केवर ८३ लाख. म्हणजे कार्डाला दर वेळी चौपट ठिपके रंगवायचे. सत्तर हजारांत त्या वाटेला जाऊच नये. त्यापेक्षा फुल एचडीच घ्यावा, पण १४४ हर्ट्झचा. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांनी बदलतं. १४४ वर तेच ७ मिलिसेकंदांत. व्हॅलोरंटसारख्या निशाणेबाजीच्या गेममध्ये हा फरक डोळ्यांना कळतो. विचरसारख्या निवांत गेमला ६० पुरतात. बघा, म्हणूनच आधी लिस्ट करायची!

कागद खिशात टाकून मग लॅमिंग्टन रोड. पाटीवरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावानं विचाराल तर दुकानदारच गोंधळेल. दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडायची आणि ग्रँट रोडला ईस्टला बाहेर पडायचं. पुणेकरांना हाच अनुभव तापकीर गल्लीत मिळतो. सोबतीला दादा होता. गंमत म्हणजे प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं दादाला मिळत होती! एका दुकानात तर मी प्रोसेसरचं मॉडेल सांगितल्यावर मालक दादाला म्हणाला, "सर, मॅडम को लाइटवाला कॅबिनेट दिखाता हूँ, अच्छा लगेगा." दादा म्हणाला, "मला विचारू नका, मी फक्त पिशव्या उचलायला आलोय." त्या दुकानातून आम्ही काही घेतलं नाही.

लाइटवाला कॅबिनेट हे तसं या गल्लीतलं आवडतं हत्यार. इंद्रधनुष्यासारखे सात रंग फिरतात, बघायला भन्नाट वाटतं. पण बजेट तंगीचं असलं की प्रत्येक पार्टला एकच प्रश्न विचारावा. बाबा रे, तू माझ्या गेमसाठी काय करतोस? लाइट काही करत नाहीत. काचेचा कॅबिनेट काही करत नाही. जाळीचा कॅबिनेट मात्र हवा खेळती ठेवतो, म्हणून तो घ्यायचा.

दुसरं हत्यार नावांचं. एकाच नावाची दोन वेगळी कार्डं मिळतात. आरटीएक्स ३०५० हे ८ जीबीचं कार्ड २०२२मध्ये आलं आणि त्याच नावाचं ६ जीबीचं २०२४मध्ये. फरक फक्त दोन जीबीचा नाही. ६ जीबीच्या कार्डात कोअर कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही १२८ बिटवरून ९६ वर आलाय. आरटीएक्स ३०६०चंही तसंच, १२ जीबीचं वेगळं आणि ८ जीबीचं वेगळं, ते संथ. दुकानात दोन्ही फक्त 'थर्टी सिक्स्टी'! म्हणून बॉक्सवरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय पाकीट उघडू नका. मी घेतलं एएमडीचं आरएक्स ६६००, ८ जीबीचं. २०२१चं कार्ड, फुल एचडीसाठी माझ्या लिस्टला पुरेसं.

प्रोसेसर आय५-१२४००एफ. सहा कोअर. शेवटचा 'एफ' फार महत्त्वाचा. त्याचा अर्थ प्रोसेसरच्या आत चित्र दाखवायची सोय नाही, त्यामुळे तो थोडा स्वस्त. कार्ड घेणार असाल तर उत्तम, पण कार्ड 'नंतर घेऊ' म्हणालात तर पडदा काळाच राहील. ज्यांना खरंच नंतर घ्यायचंय, त्यांनी एएमडीच्या रायझन ५ ५६००जीसारखा आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर बघावा. हलके गेम चालतात आणि पैसे जमले की कार्ड लावता येतं. रॅम १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्यांमुळे मेमरीला दोन लेन मिळतात, आणि आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर हा फरक फारच जाणवतो. बाय द वे, २०२५च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीची अशी काही खरेदी केली, की रॅमचे भाव चांगलेच भडकले. त्यामुळे मित्राच्या जुन्या बिलावरून बजेट ठरवू नका. ताजा भाव विचारा.

आणि आता एंट्री बाबांची! बाबा वीज खात्यातून रिटायर झालेत. कार्ड, कोअर, हर्ट्झ यात त्यांना शून्य इंटरेस्ट. पण दुकानदार कॅबिनेटबरोबर पॉवर सप्लाय 'फ्री' देतोय म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. "फुकटातली वस्तू करंटला लावायची नाही," ते म्हणाले. अगदी बरोबर! सगळ्या पार्ट्सना वीज वाटणारा हा डबा हलका निघाला, तर जाताना तो बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो. त्यावरचा '८० प्लस'चा शिक्का म्हणजे वीज किती कमी वाया जाते याचं सर्टिफिकेट. तो हवाच, पण नावाजलेली कंपनी आणि काही वर्षांची वॉरंटीही हवी. बाबांनी मग आकडेमोड केली. कार्ड १३२ वॉट, प्रोसेसर, मॉनिटर, बाकीचं मिळून अडीचशे धरा. साडेपाचशे वॉटचा सप्लाय भरपूर झाला. यूपीएस घेताना व्हीए बघू नकोस, वॉट बघ. दोन्ही एक नसतात. मग त्यांनी टेस्ट लॅम्प काढला आणि माझ्या खोलीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासलं. नव्हतंच! अर्थिंग नसलं की कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वायरमनला बोलावलं आणि तो काम करत असताना त्याच्या डोक्यावर उभे राहिले. पैसेही त्यांनीच दिले. मी काही बोलले नाही, तेही नाही.

दडलेले खर्च आधीच मोजा. कीबोर्ड, माउस, हेडसेट, यूपीएस आणि विंडोजचं लायसन्स. दुकानदार 'टाकून देतो' म्हणतो ते लायसन्स नसतं! बिल मात्र जीएसटीचंच घ्या, प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरसकट. असेंबल्ड मशीनची एक वॉरंटी नसते, प्रत्येक पार्टची वेगळी असते. बिल नसेल तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तुम्ही नुसतेच गोष्ट सांगणारे.

सत्तर हजारही जड जात असतील तर ऑफिसांतून निघालेले जुने कॉम्प्युटर मिळतात. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी जनरेशन तरी लागते, त्यामुळे त्याआधीचा घेऊ नका. अशा मशीनचा पॉवर सप्लाय छोटा असतो. तिथं मगाशी नावं ठेवलेलं ६ जीबीचं ३०५० कामाला येतं, कारण ७० वॉटचं हे कार्ड वेगळ्या वायरशिवाय चालू शकतं. जागा आहे का ते मात्र मोजून बघा.

मशीन घरी आलं की तीन गोष्टी करा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६०चे १४४ करा, ते आपोआप होतीलच असं नाही. आणि बायॉसमध्ये रॅमचं एक्सएमपी सुरू करा, नाहीतर रॅम बॉक्सवर लिहिलेल्या वेगानं धावत नाही.

पहिल्या शुक्रवारी आम्ही पाचही जण जमलो. चित्र पाण्यासारखं वाहत होतं, एकदाही अडकलं नाही. नागपूरवाला ओरडला, "आज तू जिवंत आहेस!" आणि आम्ही तिन्ही मॅच हरलो. कारण ठिपके कार्ड रंगवतं, चित्रं मॉनिटर दाखवतो, पण नेम आपल्यालाच धरावा लागतो. तो अजून तरी लॅमिंग्टन रोडवर मिळत नाही.