आक्कांचा फळा

क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. १८५७ च्या उठावात येथे शिपायांना देहदंड देण्यात आला. त्यांची आठवण चौकाच्या नावात राहिली आहे. अशा चौकाशेजारी राहूनही माझ्या थोरल्या बहिणीस, आमच्या आक्कांना, आजचा वार मात्र आठवेनासा झाला होता.

ऐंशी उलटल्यावर आक्का आमच्याकडे राहावयास आल्या. "आज वार कोणता रे? नळाला पाणी येणार का?" असे त्या घटकाघटकेला विचारीत. प्रश्न गैरलागू नव्हता. पैठणच्या नाथसागरातून निघालेले पाणी आमच्या नळाला काही रोज येत नाही. पण दहाव्यांदा उत्तर देताना घरातल्यांचा स्वर चढे आणि आक्का ओशाळून गप्प बसत. ते मला पाहवत नसे.

२०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा नातवाच्या अभ्यासासाठी घेतलेला टॅबलेट कपाटात धूळ खात पडला होता. नातवाने तो बाहेर काढून आतले सारे पुसून टाकले. इतक्या जुन्या यंत्राला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत, तेव्हा बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत, असे त्याने मलाच बजावले! मग सुताराकडून चौकट करवून टॅबलेट माजघराच्या भिंतीवर, आक्कांच्या नजरेसमोर बसवला. बॅटरी अहोरात्र पूर्ण भरलेली राहिली तर लवकर झिजते, कधी फुगतेही. म्हणून ठरावीक वेळीच वीज सुरू करणारा टायमर त्याने जोडला. शाळेच्या फळ्याप्रमाणे रोज एक सुविचारही असावा, असे मी सुचवले. ते कोणी मनावर घेतले नाही.

काळ्या पडद्यावर ठसठशीत पांढरी अक्षरे उमटली : 'सोमवार, १४ जुलै २०२५'. आक्कांनी चष्मा सावरून ती वाचली आणि म्हणाल्या, "अरे, पण तिथी कुठे आहे? संकष्टी असली तर उपास मोडायचा ना!" नातवाने दिनदर्शिका पाहिली, तर नेमकी त्याच दिवशी संकष्टी! तेव्हापासून वाराखाली तिथी आली, तिथीखाली औषधांच्या वेळा आल्या. सर्वांत खालची ओळ पाण्याची. पाण्याचा दिवस कळला की सूनबाई आपल्या मोबाइलवरून ती बदलते.

आता शेजारच्या वहिनी गच्चीतून हाक मारतात, "आक्का, पाणी कधी हो?" आक्का भिंतीपाशी जातात, सावकाश वाचतात आणि सांगतात, "उद्या पहाटे पाच." वर "दोन घागरी जास्तीच्या भरून ठेव गं," एवढे बजावण्यास त्या विसरत नाहीत.