कंडेन्सर बदलला

बीबीच्या आमच्या घरात, माजघरातील फळीवर, एका जाड कापडाखाली लोखंडी पत्र्याची एक पेटी तीस वर्षे झाकून ठेवलेली होती. मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या या गावात त्या पेटीला एके काळी मोठा मान होता. बाबांनी १९७० साली स्वतःच्या हाताने जुळविलेला तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हिंडून त्यांनी त्याचा एकेक भाग आणला होता. आराखडा मुलार्ड या ब्रिटिश कंपनीचा. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून त्याचे नाव ‘फाइव्ह-टेन’. आजच्या डीजेच्या भिंतींपुढे दहा वॅट म्हणजे काहीच नव्हे. परंतु त्याला कर्णा जोडला की लग्नघरातील सनई पार वेशीपर्यंत ऐकू येई.

१९९१ साली बाबा गेले आणि ती पेटी मुकी झाली. दादा दर रविवारी तिच्यावरचे कापड झटकी, पेटी पुसून पुन्हा झाकून ठेवी. बाबांची एवढीच वस्तू त्याने अशी जपली होती.

२०२१ च्या मे महिन्यात, निवृत्त होऊन मी गावी आलो, तेव्हा माझ्या मनात एकच इच्छा होती : तो आवाज पुन्हा ऐकावा. दादा मळ्यात गेलेला पाहून मी पेटी खाली घेतली, कर्णा जोडला आणि बटण दाबले. व्हॉल्व्हमध्ये तांबूस प्रकाश उमलला. मला गहिवरून आले. मग कर्ण्यातून ‘घूंऽऽ’ असा जाड आवाज सुरू झाला. तो वाढतच गेला. पाहता पाहता एका व्हॉल्व्हच्या आतली करडी प्लेट लालभडक झाली आणि तापलेल्या मेणाचा वास खोलीभर पसरला. मी थिजून उभा होतो. दारातून धावत येऊन वायर उपटली ती दादाने.

“तीस वर्षे मी सांभाळले, तू तीन मिनिटांत जाळलेस,” एवढेच तो म्हणाला. त्या रात्री आम्ही दोघेही नीट जेवलो नाही.

माझी चूक मला नंतर कळली. दोष होता कंडेन्सरचा. पाठ्यपुस्तके त्याला धारित्र म्हणतात. बाबा कंडेन्सरच म्हणत. आपल्या घरातील वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते. ती एकाच दिशेची केली की सेकंदाला शंभर हिसके उरतात. त्या हिसक्यांमधले खळगे भरून काढणे हे मोठ्या, गोल डब्यासारख्या कंडेन्सरचे काम. त्याच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आणि ओलसर द्रव्य असते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते द्रव्य हळूहळू सुकते, आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो थरही दुबळा होतो. मी ऐकलेला ‘घूंऽऽ’ म्हणजे तेच शंभर हिसके होते.

दुसरे कंडेन्सर छोटे, कागदाचे, मेणात बुडविलेले. त्यांचे काम द्वारपालाचे. गाणे पुढच्या व्हॉल्व्हकडे जाऊ द्यायचे, पण मागच्या व्हॉल्व्हवरचा स्थिर विद्युतदाब अडवायचा. कागद हवेतील ओल शोषतो आणि द्वारपाल फितूर होतो. मग पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो धन दाब येतो, व्हॉल्व्हचा स्वतःवरचा लगाम सुटतो, प्लेट लाल होते. तेवढ्यावर थांबले तर ठीक. नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. व्हॉल्व्ह शोधला तर मिळतो. बाबांनी समोर बसून गुंडाळून घेतलेला ट्रान्सफॉर्मर कोठून आणायचा?

हे सारे मला समजावले जालन्याच्या एका वृद्ध रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी. त्यांना सारेजण चाचा म्हणत. पहिला धडा त्यांनी भीतीचा दिला. “वायर काढली म्हणून पेटी मेली असे समजू नका. कंडेन्सर वीज धरून बसतो.” काढलेल्या पेटीतही तीनशे व्होल्ट दबा धरून असू शकतात, म्हणून आधी रेझिस्टर लावून ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची आणि काम करताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून आरपार जात नाही. या साठविलेल्या विजेचा प्रताप माणसाला नवा नाही. १७४६ साली पॅरिसमध्ये आबे नोले यांनी सुमारे दोनशे कार्थुसियन संन्याशांची साखळी करून लेडन बरणीतील वीज त्यांच्यातून सोडली, तेव्हा ते सारे एकदम दचकून उडाले होते. ती काचेची बरणी म्हणजे आजच्या कंडेन्सरचा पूर्वजच.

दुसरा धडा लोभाचा. सारे बदलायचेच तर परदेशी, महागडे आणि दुप्पट क्षमतेचे भाग घालावेत, असे माझ्या मनात होते. चाचा हसले. “तुमच्या पेटीतला रेक्टिफायर ईझेड-८१ आहे. त्याच्यापुढे पन्नास मायक्रोफॅरडपर्यंतच लावा, असे त्याच्या कारखान्यानेच लिहून ठेवले आहे. मोठा लावाल तर तो भरताना दर वेळी बिचाऱ्याचा दम निघेल. आणि कागदाच्या जागी साधा पॉलिप्रॉपिलीनचा लावा, त्याच मापाचा, सहाशेतीस व्होल्टचा. महाग कंडेन्सरने वडिलांचा आवाज येत नाही, साहेब. गळका काढला की येतो.”

प्रश्न दादाचा होता. त्याने निक्षून सांगितले, “मोजायचे ते मोज. पण बाबांच्या हातचे कथील एकाही जोडावरून काढायचे नाही.” त्याचे चुकत होते, असे मला म्हणवेना. वितळलेला जोड पुन्हा बाबांचा होणार नव्हता.

पेटी उलटी करून मी तळाचा पत्रा काढला. पत्र्याच्या आतल्या बाजूस शिसपेन्सिलीने काही लिहिलेले होते. अक्षर बाबांचे.

‘१९७४. कं. बदलला.’ त्याखाली, ‘१९७९. कं. बदलला.’ आणि शेवटी, ‘१९८५. दोन्ही कं. बदलले.’

दादाने चष्मा आणला. त्या तीन ओळी त्याने पुनःपुन्हा वाचल्या. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, “पंच्याऐंशीला बॅटरी मीच धरली होती रे. मीच विसरलो.” मग तो उठला, आत गेला आणि बॅटरी घेऊन येऊन माझ्या खांद्यामागे उभा राहिला.

चाचांच्या सांगण्याप्रमाणे शेवटचे दोन व्हॉल्व्ह काढून, शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून मी ग्रिडच्या जागी मीटर लावला. तेथे शून्य हवे. एका बाजूला तीन व्होल्ट दिसले. फितूर सापडला. अ‍ॅल्युमिनियमचा जुना डबा वरच्या बाजूस होता तसाच ठेवला, फक्त त्याच्या तारा सोडविल्या आणि नवे कंडेन्सर खाली बसविले. छोटे कागदी कंडेन्सर काढले, तेव्हा दादाने ते न बोलता रुमालात गुंडाळून घेतले. पुन्हा मोजले, शून्य. लाल झालेल्या व्हॉल्व्हच्या जागी बाबांच्या डब्यातला, बंगलोरच्या बीईएलचा एक जुना ईएल-८४ बसविला.

सायंकाळी बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईची तबकडी लावली. घूंऽऽ पूर्णपणे गेला आहे असे मी म्हणणार नाही. कर्ण्याशी कान नेला तर बारीकसा ऐकू येतो. पण त्याच्या वर सनई होती, उंच आणि स्वच्छ. शेजारच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी मान वळवून विचारले, “आज कोणाचे लग्न?”

तळाचा पत्रा बसविण्याआधी मी पेन्सिल काढली. दादाने ती माझ्या हातून घेतली आणि बाबांच्या ओळींखाली लिहिले : ‘२०२१. सर्व कं. बदलले.’

पत्र्यावर अजून तीनचार ओळींची जागा आहे.