बारा वर्षांच्या मुलीचं ताट

'संतुलित आहार' हा धडा आपण दरवर्षी शिकतो. कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे असा तक्ता वहीत काढतो, परीक्षेत लिहितो आणि गुणही मिळवतो. आज मला त्या तक्त्यात न मावणाऱ्या एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. घरात जे शिजतं ते कुणाच्या ताटात पडतं, केव्हा पडतं आणि किती पडतं, याबद्दल.

मी मूळची नगर जिल्ह्यातली, ख्रिस्ती घरातली. नोकरीमुळे बीड जिल्ह्यात आले आणि नारायणगडाच्या परिसरातल्या शाळेत रमले. गडाला इकडे धाकटी पंढरी म्हणतात. एकादशीला माणसांची रीघ लागते, सप्ताह संपला की पंगती उठतात. सुरुवातीला गावातल्या आयाबायांना प्रश्न पडायचा, की बाई पंगतीला बसतील का? मी बसले आणि आमटी दोनदा मागून घेतली, तेव्हा तो प्रश्न मिटला. आमच्यातल्या काहींना हे पटत नाही, त्यांचं त्यांच्या ठिकाणी असो. मला मात्र भुकेल्या माणसाच्या शेजारी मांडी घालून बसण्यात देव दूर गेल्यासारखा कधी वाटला नाही.

हे आईकडून आलं असावं. तिची जेवणाआधीची प्रार्थना लांबलचक नसे. समोर आहे त्याबद्दल आभार, आणि आज ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याची आठवण. एवढं म्हणून झालं की ती डोळे उघडायची आणि खरोखरच विचारायची, "शेजारच्या आजींनी काही खाल्लं का रे? बघून ये जा." आम्ही भावंडं कुरकुरत जायचो, कारण भाकरी गार व्हायची. नाताळला करंज्या-चिवड्याची ताटं गल्लीत सगळीकडे जायची, ते वेगळं. सणाला देणं सोपं असतं. मंगळवारी रात्री, घरात मोजक्या भाकऱ्या असताना एक कमी करणं अवघड.

शुभवर्तमानात याईर नावाच्या माणसाची गोष्ट आहे. त्याची लेक मरणाच्या दारात असते. येशू पोहोचेपर्यंत घरात रडारड सुरू झालेली असते. तो तिचा हात धरून तिला उठवतो, ती चालू लागते, सगळे थक्क होतात. आणि त्या गडबडीत येशू घरच्यांना सांगतो, की हिला काहीतरी खायला द्या. एवढा मोठा चमत्कार झाला आणि लक्ष कुठे, तर पोरीच्या पोटाकडे! मार्कने तिचं वयही लिहून ठेवलंय, बारा वर्षं. लहानपणी ही गोष्ट संडे स्कूलमध्ये कितीदा तरी ऐकली होती. पण ते बारा वर्षांचं वय मला खऱ्या अर्थाने दिसलं ते शिक्षिका झाल्यावर. सहावी-सातवीचा माझा वर्ग म्हणजे बारा वर्षांच्या मुलींचाच वर्ग.

त्यातली एक परिपाठाला उभी असताना चक्कर येऊन बसली. नाव सांगत नाही. हुशार मुलगी, अक्षर छापल्यासारखं. आई-वडील दिवाळीनंतर उसाच्या फडावर गेलेले. आमच्या भागात हे नवीन नाही. मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायकोचा एक कोयता होतो आणि बिऱ्हाड कारखान्याच्या वाटेला लागतं, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. या मुलीकडे आजी आणि दोन धाकटे भाऊ होते. पहाटे उठून भाकरी थापायची, पाणी भरायचं, भावांना आवरून आणायचं आणि स्वतः कपभर चहा पिऊन शाळेत यायचं, असा तिचा दिवस. पुढे आरोग्य तपासणीच्या पथकाने रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ भरलं. या वयाला ते किमान बारा तरी असावं लागतं.

ती एकटी नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे बाकावर पाच मुली बसल्या असतील तर त्यातल्या तीन. वर्गात पेंगते, पाठ होत नाही, खेळायला नको म्हणते, अशा मुलीला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. आधी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघावी. पांढुरकी दिसली तर दवाखान्यात न्यावं.

एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. आजीने चुलीवर हुलग्याचं माडगं ठेवलं होतं, टोपल्यात बाजरीच्या भाकरी होत्या, शेंगदाण्याची चटणी होती. म्हणजे घरात अन्न नव्हतं असं नाही! उलट सकसच अन्न होतं. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, पॉलिश केलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. 2023 हे तृणधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा आमच्या बाजरीला केवढा मान मिळाला. शाळेत तक्ते लागले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. (लग्नाच्या पंगतीत मात्र गव्हाच्या पुऱ्याच. बाजरी वाढली तर पाहुणे रुसतील अशी भीती.)

मग अडत कुठे होतं? मी आजीला विचारलं, ही केव्हा जेवते? आजी सहज म्हणाली, "आधी पोरं जेवत्यात, मंग म्या आन् ती. रीतच हाय ती, बाई." मागून म्हणजे काय, ते टोपल्यात दिसत होतं. तळाशी उरलेली अर्धी-चतकोर भाकरी आणि पातळ झालेलं माडगं. वर रात्रंदिवस चहा. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, हे मी वर्गात शिकवते. पण ज्या घरात भूक मारायलाच चहा पितात तिथे हा सल्ला कसा द्यायचा?

मी सल्ला दिला नाही. आजीने मला जेवायला बसवलं, तेव्हा म्हटलं, "ही माझ्याशेजारी बसली तरच बसते." पाहुणीचा शब्द मोडता येत नाही. मुलगी संकोचत बसली, आजीने तिलाही पुरी भाकरी वाढली, मी तिच्या ताटात लिंबाची फोड पिळली. लिंबू, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करतं. धाकटा भाऊ टकमक बघत राहिला, की ताई आज आपल्याबरोबर कशी? एका जेवणाने रीत बदलत नाही हे मलाही कळतं. म्हणून नंतरही जात राहिले, मुद्दाम जेवणाच्या वेळेला. गावात कुणी तरी म्हटलंही, बाईंना घरी स्वयंपाक येत नाही वाटतं!

ही रीत मोडण्याचं काम आमच्याच शेजारी फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. बीडहून पाटोदा, सौताडा ओलांडून पुढे गेलं की जामखेड लागतं. तिथे 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, लग्नाच्या वेळीच खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं ठरवलेलं. आधी ते वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की दवाखान्यात बरं झालेलं मूल त्याच आजाराने पुन्हा येतं, कारण घरचं पाणी आणि घरचं ताट तेच असतं. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परत आले आणि जामखेडला राहिले.

1972 च्या दुष्काळाची आठवण आपल्या आजी-आजोबांना विचारा. लाल मिलो आणि सुकडी हे शब्द ते अजून विसरलेले नाहीत. त्या काळात आरोळे दांपत्याने औषधांआधी पाणी आणि जेवण हाती घेतलं. विंधनविहिरी दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथेच जावं लागे. भाषण न देता शिवाशिवीला दिलेला हा टोला मला फार आवडतो. पुढे गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर, अनेक जणी दलित. प्रशिक्षणाला जामखेडला आल्या की सगळ्या जातींच्या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत. याच बायकांनी आपापल्या गावात लेकरांची वजनं घेतली, बाळंतिणीला उपाशी ठेवू नका म्हणून सासवांशी वाद घातले. 1971 साली त्या गावांत हजारातली 176 बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. पंचवीस वर्षांत तो आकडा तीसच्या खाली आला. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ते दोघे श्रद्धावान ख्रिस्ती होते, पण अन्न किंवा औषध देताना त्यांनी धर्माची अट घातली नाही. हे मी मुद्दाम लिहिते. दुष्काळात भाकरीसाठी धर्म बदलला, हा टोमणा आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. आणि ज्या हाताने देतो त्याच हाताने काही मागायचं ठरवलं, तर तो टोमणा खराच ठरेल. म्हणून मी शाळेत एकट्या-दुकट्या मुलाला बाजूला बोलावून डबा देत नाही. त्याला सगळ्यांसमोर गरीब ठरवणं मला भाकरीपेक्षा महाग पडेल.

त्याऐवजी वर्गात दुसरं सुरू केलं. शाळेत पोषण आहाराची खिचडी मिळतेच. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यातून रोज 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. खिचडीबरोबर काही जण घरून भाकरी, चटणी, तांदूळजाची भाजी आणतात. ते सगळं मधल्या एका परातीत ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने घ्यायचं. कुणी आणलं, कुणी आणलं नाही, याची नोंद नाही. वाढायला मुलगे, आणि मुली आधी जेवणार. पहिले चार दिवस मुलग्यांनी वाढताना निम्मी खिचडी सांडली. पाचव्या दिवशी एकाने न सांगता लिंबाच्या फोडी करून आणल्या.

पौलाने करिंथच्या मंडळीला याच कारणावरून चांगलंच सुनावलं होतं. तिथे म्हणे खाऊन-पिऊन सुखी लोक आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, आणि तरी याला प्रभूचं भोजन म्हणायचे. चर्चमध्ये प्रीतिभोजन असलं की मी हल्ली हेच बघते, शेवटी कोण जेवतंय. बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या बायकाच असतात.

परातीला सगळ्यांनी मान डोलावली असं नाही. एक पालक आले आणि म्हणाले, आमचं लेकरू दुसऱ्याच्या डब्यातलं खाणार नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं. मी वाद घातला नाही. म्हटलं, चालेल, त्याचा डबा वेगळा राहू द्या, फक्त बसायला रांगेतच बसू द्या. ते लेकरू अजून वेगळा डबा उघडतं. मध्येच परातीतली चटणी बोटाने उचलतं, तेव्हा मी दुसरीकडे बघते.

त्या मुलीला आठवड्याची निळी लोहगोळी चालू आहे. डॉक्टरांनी काही दिवस रोजची गोळीही दिली. वर्षाच्या शेवटी तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेदहा होतं. यंदा आई तिला फडावर घेऊन जायचं म्हणत होती, धाकट्याला सांभाळायला. आजीच आडवी आली. म्हणाली, "पोरगी हितंच राहील, मी हाय जेवू घालायला."

शाळेच्या परसबागेत हापशाच्या सांडपाण्यावर आम्ही शेवग्याच्या दोन फांद्या खोचल्या होत्या. त्या आता पत्र्याच्या वर गेल्यात. पाला काढायला काठी लागते, आणि काठी कुणी धरायची यावरून सातवीत रोज भांडण होतं.