त्याला फक्त जास्त मिळतं

माझी मुलगी कॉम्प्युटरवर २०१६ सालचा 'सिव्हिलायझेशन ६' हा राज्य उभारण्याचा खेळ खेळते. त्यात आठ पायऱ्या. चौथीवर कॉम्प्युटरची आणि आपली सुरुवात सारखीच. तिथे जिंकू लागल्यावर ती पाचवीवर गेली आणि लागोपाठ तीनदा हरली. मी म्हटले, "पोरी, उतर खाली." ती म्हणाली, "आई, तो जास्त हुशार नाही. त्याला फक्त जास्त मिळतं."

खरेच आहे. पाचवीपासून त्याला उत्पादन, पैसा, विद्या वाढवून मिळते. आठवीवर तर वस्ती वसवणारे त्याला तीन, आपल्याला एक.

आता ती आधी दगडाची खाण काढते. त्यामुळे गवंडीकाम लवकर साधते, तट उभे राहतात. परवा ती जिंकली. ज्याला आधीच जास्त मिळाले, त्याला हुशार समजून आपण भिऊ नये.