युवराजाचं वरकस

चिमणीहून थोडा मोठा, भारीट कुळातला पक्षी. नर चकचकीत काळा, पंख आणि शेपटी विटकरी, डोक्यावर टोकदार तुरा. मादी मातकट, तुरा आखूड. हा युवराज भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर अजून दिसतो. संकटग्रस्तांच्या यादीत त्याचं नाव नाही. ज्यावर तो जगतो ते मात्र एकेक करून चाललं आहे.

वरकस. भातखाचरांच्या वरची हलकी, उताराची जमीन. आधी नाचणी, मग वरई, शेवटी कारळे, आणि पुढे काही वर्षं पड. पड म्हणजे वाया गेलेली जमीन नव्हे. तिथे गवत वाढायचं, निसवायचं, बी धरायचं. युवराजाची आखूड, जाड चोच हे बी सोलण्यासाठीच आहे. पिल्लांना मात्र तो किडे भरवतो.

दगडी ताल. माती अडवायला चुन्याशिवाय रचलेली. तिच्या फटीत, नाहीतर गवताच्या ठोंबाखाली जमिनीवरच त्याचं घरटं. जेसीबी उतार सपाट करतो तेव्हा ताल आणि फट दोन्ही एका दिवसात जातात.

भात कापल्यावर खाचरात उरलेले सड, झोडणीत सांडलेले दाणे. हिवाळ्यात थवे इथे उतरतात.

खळं. शेणानं सारवलेलं. आता ताडपत्री पसरतात. ती उचलली की दाणा मागे राहत नाही.

गुराखी पोरं. कोणत्या तालीत घरटं आहे हे त्यांना ठाऊक असायचं. आता गुरंच कमी.

भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी. धरणांनी खोऱ्यातली सखल खाचरं घेतली, तेव्हा लोकांकडे उतार उरला. त्याच उतारावरून धरणाचं पाणी दिसतं, म्हणून आता त्याला भाव आला. पुणं जवळ आहे. नाचणी पिकवून एवढे पैसे कधीच मिळाले नसते, त्यामुळे विकणाऱ्याला दोष देववत नाही.

विकलेल्या वरकसावर तारेचं कुंपण येतं, आत हिरवळ. तिला रोज पाणी मिळतं, उन्हाळ्यातही ती सुकत नाही. पण बी धरण्याआधीच ती कापतात. युवराजाला तिथे खायला काही नाही.

वरई एकादशीला घरोघर लागते. ती दुकानातून येते.