झोप लागते का?

मी उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. मराठवाड्यातले तालुक्याचे गाव. आठवी ते दहावीच्या वर्गांना उर्दू आणि इतिहास शिकवते. मराठीत लिहिण्याचा सराव तसा कमी. रजेचे अर्ज आणि कार्यालयाला पाठवायची पत्रे यांपलीकडे माझी मराठी फारशी गेलेली नाही. तरीही ही हकिगत मराठीतच लिहायची ठरवली. कारण त्या दिवसांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला मराठीत विचारला गेला होता आणि मी त्याचे उत्तर चुकीचे दिले होते.

जानेवारी 2019 ची गोष्ट. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिचा नवरा पुण्याला वेल्डिंगचे काम करतो. ग्रामीण रुग्णालयात सुखरूप सुटका झाली, मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी घरी आणले. अम्मीने अछवानी केली, गोंदाचे लाडू केले. अब्बांनी शिलाई मशीन दोन दिवस बंद ठेवून मोहल्ल्यात मिठाई वाटली. अकिका एकविसाव्या दिवशी ठरला, कारण तोवर तिचा नवरा सुटी घेऊन येणार होता.

बहीण मात्र झोपत नव्हती. बाळ झोपले तरी ही जागी. सुरुवातीला कुणाला काही वाटले नाही, पहिलटकरणीची झोप अशीच असते. मग ती फार बोलू लागली, एक बोलणे सोडून दुसरे. रात्रीतून दहा वेळा खिडकीची कडी तपासायची. छट्टीच्या दिवशी बायका गाणी म्हणत होत्या आणि ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाजी, वो नर्स मेरेकू कैसा देख रही थी, तुमने देखे क्या?" मी हसण्यावारी नेले.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ आणि बाळंतीण दोघांना पाहायचे असते. या ताई आमच्या मागच्या गल्लीतल्याच. बाळाचे वजन केले, नाळ पाहिली, वहीत लिहिले. मग बहिणीकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि मला विचारले, "मॅडम, हिला झोप लागते का?"

मी म्हणाले, "लागते की. बाळ रात्री जागवतं, एवढंच."

का खोटे बोलले? ताईंची वही सरकारी, आणि गल्लीतल्या बायकांच्या तोंडी गेलेली गोष्ट पुण्याला सासरपर्यंत जायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक होते. "लडकी का दिमाग खराब था, छुपाके शादी किए" हे वाक्य मी दुसऱ्या एका मुलीबद्दल ऐकलेले होते. त्या मुलीचे पुढे काय झाले हेही पाहिले होते. ताई जाता जाता म्हणाल्या, "झोप नसली तर डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका." मी मान डोलावली आणि दार लावून घेतले.

नवव्या दिवशी खाला म्हणाल्या, असर आहे. बाळंतीण कच्च्या अंगाची असते, चाळीस दिवस तिच्यावर सावली पडू नये. शेजारच्या गावचा एक आमिल त्यांच्या माहितीचा होता. वाचकांना वाटेल की शिकलेल्या मुलीने विरोध केला असेल. उलट, एटीएममधून दोन हजार रुपये काढून आणणारी मीच होते. मनात कुठेतरी बरेच वाटले होते, की हा आजार नाही, बाहेरचे काहीतरी आहे. ते निघून जाईल आणि कुणाला कळणार नाही. आमिलाने दारे-खिडक्या लावून लोबानची धुरी केली. नऊ दिवसांचे बाळ खोकू लागले. तीन तावीज दिले आणि बजावले, "चालीस दिन अंग्रेजी दवा बिल्कुल नहीं."

अकराव्या रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली. अंथरूण रिकामे होते. बहीण मोरीत पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती, बाळ छातीशी. दिवा लावला तर डोळे मिटेनात तिचे. शांतपणे म्हणाली, "ये मेरा बच्चा नहीं बाजी. बदल दिए. मेरेकू पानी में से आवाज आ रा, की इसकू वापस दे." मी काय बोलले ते आठवत नाही. एवढे आठवते की मी ओरडले नाही. "ला, मैं देती वापस," असे काहीसे म्हणत हात पुढे केला आणि तिने बाळ माझ्या हातात दिले. अम्मीने तिला मागून धरले. पहाटेपर्यंत आम्ही तिघी जमिनीवर बसून होतो.

अम्मीचे म्हणणे, आमिलाला पुन्हा बोलवा. अब्बा काही न बोलता टोपी घालून फज्रच्या नमाजला गेले. परत आले तेव्हा सोबत पेशइमाम होते. बिहारकडचे, अजून तरुण. नजर खाली ठेवून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मला वाटले, हेही आता पाणी फुंकून देतील. त्यांनी दम केला खरा, पण लगेच म्हणाले, "दुआ मैंने कर दी। अब आप इन्हें अस्पताल ले जाइए, अभी। दुआ रास्ते में भी लगेगी।" अम्मीने आमिलाचे चाळीस दिवस सांगितले. तेव्हा ते म्हणाले की, इलाज करून घेणे ही सुन्नत आहे. ती अडवायचा हक्क कुणाला नाही. पुष्कळ दिवसांनी त्यांनी अब्बांना सांगितले, त्यांच्या गावी त्यांच्या वहिनीला घरच्यांनी तीन वर्षे एका दर्ग्यात ठेवले होते. पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही, अब्बांनी विचारले नाही.

मी ओढणी घेतली आणि मागच्या गल्लीत आशाताईंच्या दारात जाऊन उभी राहिले. चार दिवसांपूर्वी ज्यांच्याशी खोटे बोलले, त्यांच्याच दारात. म्हणाले, "ताई, तिला झोप लागत नाही." त्या एक शब्दही मागचे बोलल्या नाहीत. 108 ला फोन लावला, चपला घातल्या आणि आमच्यासोबत गाडीत बसल्या. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली आणि जिल्ह्याच्या सिव्हिलला पाठवले. तिथे मानसोपचार विभाग आहे हेच मला ठाऊक नव्हते. आमच्या समजुतीत वेड्यांचे इस्पितळ म्हणजे येरवडा, ठाणे, नाही तर नागपूर. बसस्थानकाजवळच्या सिव्हिलमध्ये, डोळ्यांच्या आणि दातांच्या विभागांसारखीच याही आजाराची ओपीडी असेल, असे कधी मनातच आले नव्हते.

डॉक्टर मॅडम मराठी बोलत होत्या, बहीण आमची दख्खनी. मधे मी. त्यांचा पहिला प्रश्न तोच होता, झोप किती दिवस नाही? मग, बाळाबद्दल काय विचार येतात? आवाज येतात का? स्वतःच्या जिवाचे काही करावेसे वाटते का? मला भाषांतर करताना लाज वाटत होती, पण बहिणीने सगळ्यांची उत्तरे दिली. जणू कुणी विचारायचीच वाट पाहत होती. अकरा दिवसांत आम्ही कुणी विचारलेच नव्हते.

डॉक्टरांनी समजावले ते असे. बाळंतपणानंतर उदासी पुष्कळ जणींना येते. हा त्यातला सर्वांत तीव्र प्रकार, हजार बाळंतिणींत एक-दोघींना होणारा. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. झोप जाते, संशय येतो, भास होतात. घटकेत बरी, घटकेत वेगळी, म्हणून घरचे फसतात. अंगातले संप्रेरकांचे बदल, जागरण, काही घराण्यांतला कल, अशी कारणे सांगतात. आईच्या स्वभावाचा किंवा मायेचा यात काही दोष नाही. थांबून बघायचा हा आजार नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि शेवटी, "ही बरी होईल." अम्मीला मराठी बरी कळते, तरी तिने मला तीनदा विचारले, "क्या बोले? फिरसे बोल."

दाखल केले. बाळाचे काय, हा प्रश्न आला. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, तो 2018 च्या मे महिन्यापासून लागू झाला. त्यात असे आहे की, उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल शक्यतो वेगळे करू नये, धोका असेल तर तेवढ्यापुरते करावे. हे मी नंतर वाचले. तेव्हा एवढेच झाले, की पहिले काही दिवस बाळ अम्मीकडे राहिले आणि रोज थोडा वेळ नर्सच्या देखत आईच्या कुशीत दिले गेले. आठव्या दिवशी बहिणीने विचारले, "इसकू भूक लगी होगी ना?" अम्मी वॉर्डाबाहेर जाऊन रडली.

राहिला सासरचा प्रश्न. खालांचा सल्ला होता, कावीळ झाली म्हणून सांगा. आणखी एक खोटे माझ्या जिभेवर तयार होते. पण वॉर्डात माणसे आजाराचे नाव साधेपणाने घेत होती, ते ऐकून मलाही थोडा धीर आला. मी पुण्याला फोन करून जे होते ते सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "बाजी, ग्यारा दिन? मेरेकू ग्यारा दिन नहीं बताए?" त्याचा राग आजारावर नव्हता, आमच्यावर होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आला. त्याच्या अम्मीने मात्र पुष्कळ दिवस बोलणे टाकले, अजूनही त्या दोघींच्या दंडाला तावीज बांधतात. बहीण तावीज बांधून घेते, गोळ्याही वेळेवर घ्यायची. तीन आठवड्यांनी घरी आली. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत वर्षाने बंद केल्या. पुन्हा दिवस राहिले तर आधीच येऊन सांगा, हा धोका परत येऊ शकतो, असेही सांगितले आहे.

या दिवसांनंतर मी माझी बी.एड.ची जुनी वही काढली. शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. फ्रॉईड, पियाजे, मास्लोची उतरंड, सगळे सुवाच्य अक्षरात. पण घरातल्या माणसाचे मन आजारी पडले तर कुठे जायचे, हे त्या वहीत नव्हते. ते आशाताईंना आणि बावीस-पंचवीस घरांच्या वर्गणीवर पगार घेणाऱ्या एका इमामांना ठाऊक होते.

उर्दू शिकवताना मी मुलांना शब्दांची मुळे सांगते. जिन्न, जुनून, जन्नत आणि जनीन, म्हणजे पोटातला गर्भ, हे चारही शब्द अरबीतल्या एकाच धातूचे आहेत. अर्थ, झाकलेले असणे. आम्ही झाकलेल्या आजाराला जिन्न समजलो आणि वरून स्वतःही झाकत राहिलो. आमच्या पूर्वजांनी असे केले नव्हते. हजार वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कैरोत 1284 साली उभ्या राहिलेल्या मन्सूरी बीमारिस्तानात मनाच्या रुग्णांची सोय होती. हे मी इतिहासाच्या तासाला अभिमानाने सांगते. पण त्याच तासाला आता एरवाडीही सांगते. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण जागेवरून हलू शकले नाहीत. 28 माणसे गेली. त्यांनाही कुणीतरी मायेनेच तिथे आणून सोडले असेल. आज कायद्याने साखळी बांधायला मनाई आहे. पण आमच्या घरातली साखळी लोखंडाची नव्हती, लोक काय म्हणतील याची होती. तिला कायदा कुठून तोडणार?

दर्ग्यावर जाणाऱ्यांची मी थट्टा करणार नाही. अम्मी अजून दर गुरुवारी जाते, तिथे तिला जो दिलासा मिळतो तो मी देऊ शकत नाही. माझे म्हणणे एवढेच, की दुआसाठी दवा थांबवू नये. आणि थांबवा असे जो म्हणेल, तो कितीही मोठा असो, त्याला दारातूनच सलाम करावा. मदत फार लांब नसते. आशाताई गल्लीत आहेत, सिव्हिलमध्ये विभाग आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक सुरू झाला आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. आमच्या वेळी तो नव्हता. असता तरी अकरा दिवस मी तो लावला असता का, सांगता येत नाही.

भाचा आता शाळेत जातो. बहीण त्या रात्रीबद्दल बोलत नाही. एकदाच, मागच्या रमजानमध्ये, सहरीची भांडी धुताना तिने विचारले, "बाजी, मैं उस दिन पिंप के पास कित्ती देर खडी थी?" मी म्हणाले, "थोडीच देर." हे उत्तर खरे की खोटे, मला माहीत नाही. मी उठण्यापूर्वी ती किती वेळ उभी होती, ते कुणीच पाहिलेले नाही.

शाळेत मुलांच्या आया भेटायला येतात. कडेवर तान्हे मूल असले की मी आधी बाळाचे कौतुक करते. मग मोठ्या मुलाच्या अभ्यासाचे बोलायच्या आधी विचारते, "और तुमकू? नींद आती क्या?" बहुतेक जणी हसून हो म्हणतात. मी लगेच पुढच्या विषयाकडे वळत नाही, थोडा वेळ थांबते. मीही तेव्हा हसूनच हो म्हटले होते.