रविवारची हजेरी

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या चर्चला कुलूप बसले. १२ एप्रिलचा ईस्टरही घरातच. पाळकसाहेब मोबाईलवर उपासना घेऊ लागले. सगळे एकदम गायला लागले की आवाज मागेपुढे व्हायचे. म्हणून 'उपासना संगीत' उघडून जो तो आपापल्या घरी गायचा.

ज्यांच्याकडे साधा फोन होता, अशा अकरा वृद्धांची हजेरी मी घेऊ लागले. जन्मभर तेच तर केले! फोनवर एक वचन, एक प्रार्थना.

एका रविवारी एका काकूंचा फोन नुसताच वाजत राहिला. दफनविधीला मोजकीच माणसे. मला जाता आले नाही. वहीत त्यांच्या नावापुढे खाडा मांडायला हात धजेना.

चर्च केव्हाच उघडले. नावे कमी झाली, फोन मात्र चालू आहेत.